मुलींचा गट की खुला गट?

नसरापूरला माझे मामा राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यापासून घराच्या पडवीत पोरांना बुद्धिबळ शिकवतात. मी पुण्यात हेच काम करते आणि सुट्टीच्या दिवशी स्पर्धांना पंच म्हणून जाते. मामांकडे येणाऱ्या पोरांत सहावीतली एक मुलगी आहे. तिचं गाव वेल्ह्याच्या रस्त्याला, बरंच आत. तिला खेळाची समज आहे, आणि हरल्यावर तोच डाव पुन्हा मांडून बघायची खोड आहे. ही खोड शिकवून लावता येत नाही, ती असावी लागते. पुण्यातल्या एका स्पर्धेत तिचं नाव द्यायचं ठरलं आणि अर्जातल्या एका रकान्याशी आम्ही दोघं अडलो : मुलींचा गट की खुला गट? दोन्ही गटांच्या फेऱ्या एकाच वेळी होत्या, म्हणजे एकच निवडता येणार होता.

त्यावरून आमचं जे बोलणं झालं ते इथे देते आहे. हा रकाना गावोगावच्या पालकांपुढे येतो, आणि बहुतेक जण फारसा विचार न करता ‘मुली’समोर खूण करून मोकळे होतात.

मामा : खुल्या गटात घाल. यात विचारायचं काय आहे?

मी : आहे मामा. सात फेऱ्या आहेत. खुल्या गटात पुण्यातली रेटिंग असलेली मुलं येणार. ही तीन गुण करेल, फार तर साडेतीन. मुलींच्या गटात पहिल्या पाचात येईल, करंडक मिळेल. करंडक घरी गेला की तिचे वडील पुढच्या स्पर्धेला पाठवतील. नाहीतर हीच पहिली आणि हीच शेवटची.

मामा : शिवगंगेच्या डोहात पोहायला शिकवताना पोराला गुडघाभर पाण्यातच फिरवत ठेवलं, तर ते पोहायला शिकेल का? हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारला तिच्या बापाने असं वाढवलं असतं, तर ती जगातल्या पहिल्या दहात गेली असती?

मी : ज्युडिटचं नाव निघणार हे मला माहीत होतं.

मामा : निघणारच. पण तिच्याआधी आपल्या माणसाचं नाव घेतो. रोहिणी खाडिलकर. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली : वासंती, जयश्री, रोहिणी. म्हणजे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पणत्या. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९७४ साली, बंगळूरला. पहिली विजेती वासंती. पुढे दहा वर्षं ते विजेतेपद या तीन बहिणींच्या घराबाहेर गेलं नाही. आणि १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. केवढा गदारोळ झाला! मुलगी पुरुषांत कशी खेळते म्हणून. प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेच्या, फिडेच्या अध्यक्षांना निर्णय द्यावा लागला, की राष्ट्रीय असो वा आंतरराष्ट्रीय, कुठल्याही अजिंक्यपद स्पर्धेतून बाईला ती बाई आहे म्हणून दूर ठेवता येणार नाही. अध्यक्ष कोण? मॅक्स युवे. स्वतः माजी जगज्जेता, आणि पेशाने गणिताचा मास्तर. अ‍ॅमस्टरडॅमला मुलींच्या शाळेत शिकवलेला माणूस.

मी : मास्तर होता म्हणून तुम्हाला जास्त आवडतो.

मामा : आवडतोच. आता साल लक्षात ठेव, १९७६. त्याच वर्षी २३ जुलैला बुडापेस्टमध्ये ज्युडिट जन्मली. पुढे ज्या दारातून ती आत गेली, त्या दारासाठी मुंबईची एक पोर आधी भांडलेली होती. आणि आपण आज, इतक्या वर्षांनी, नसरापुरात बसून पोरीला मुलींच्या गटात ढकलायचं म्हणतोय!

मी : दाराचं मान्य. पण रोहिणीची पुढची कमाई कशातून आली तेही बघा. पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली, ती महिलांची. १९८१ साली हैदराबादला आशियाई विजेती, १९८३ साली पुन्हा. तीही महिलांचीच. अर्जुन पुरस्कार मिळवणारी ती पहिली महिला बुद्धिबळपटू. जयश्रीताई १९७९ साली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या, भारतातल्या पहिल्या. हे सगळं त्या वेगळ्या गटामुळे झालं. तो गट नसता तर या तीन बहिणींची नावं पुरुषांच्या तक्त्यात तेराव्या-चौदाव्या क्रमांकावर छापून आली असती, आणि तुम्हाला आज आठवलीही नसती.

मामा : आठवली असती.

मी : तुम्हाला आठवली असती. महाराष्ट्राला नाही. त्यांच्या मागून भाग्यश्री साठे आल्या, अनुपमा अभ्यंकर आल्या, सांगलीची स्वाती घाटे आली, पुण्याची सौम्या स्वामिनाथन २००९ साली मुलींची जागतिक ज्युनिअर विजेती झाली. दर वेळी कुठल्या तरी घरात आईने पेपरातला फोटो बघितला आणि मुलीसाठी पट विकत आणला. फोटो विजेत्याचा छापतात.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग उठून आत गेले आणि वही घेऊन आले. बुद्धिबळातल्या ज्या गोष्टींचा त्यांना राग येतो त्या ते या वहीत लिहून ठेवतात. त्यातलं एक पान त्यांनी काढलं, आणि ते पान खरोखर रागावण्यासारखंच आहे.

मामा : वेगळ्या गटाने काय होतं ते ऐक. ज्युडिटची थोरली बहीण सुसान. पंधराव्या वर्षी, १९८४ साली, महिलांच्या जागतिक यादीत पहिली. लहानपणापासून मोठ्या पुरुषांशी खेळलेली. हंगेरीची संघटना तिच्या मागे लागलेली, की महिलांच्या स्पर्धांत खेळ. ती ऐकेना. मग १९८६ अखेर फिडेने ठराव केला : सगळ्या महिला खेळाडूंच्या गुणांकनात शंभर गुण वाढवायचे. सगळ्यांच्या. फक्त सुसान पोल्गार सोडून.

मी : त्यामागे हिशेब होता.

मामा : तोच तर सांगतोय. हिशेब असा की बायका आपापसांतच खेळतात, त्यामुळे त्यांचे गुण त्यांच्यातच फिरत राहतात आणि खऱ्या ताकदीपेक्षा कमी दिसतात. सुसान पुरुषांशी खेळते, म्हणून तिचे गुण आधीच खरे आहेत, तिला वाढ नको. झालं, जानेवारी १९८७ च्या यादीत सुसान खाली आणि जॉर्जियाची माया चिबुरदानिद्झे वर. आता तूच सांग, वेगळ्या गटात खेळून खेळाडूची खरी ताकद कळत नाही हे कोणी कबूल केलं? खुद्द फिडेने! आणि कबूल करून शिक्षा कोणाला दिली? जी त्या गटाबाहेर जाऊन खेळली तिला!

हा मुद्दा थोडा उलगडून सांगते, कारण पालकांना तो ठाऊक नसतो. बुद्धिबळातलं गुणांकन म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत. समोरच्याला हरवलं की त्याचे काही गुण आपल्याकडे येतात, हरलं की आपले जातात. समोरचा जितका बलवान तितके जास्त गुण मिळतात. म्हणून ठरावीक वीस-पंचवीस मुली वर्षभर एकमेकींशीच खेळत राहिल्या, तर त्यांची एकंदर शिल्लक जवळपास तेवढीच राहते, मग खेळ कितीही सुधारलेला असो. या बाबतीत मामांचं म्हणणं चूक नाही. मीही माझ्या विद्यार्थिनींना हेच सांगते. आमचं भांडण त्यापुढे सुरू होतं.

मी : सुसानवर अन्याय झाला, यात वाद नाही. पण त्या गोष्टीत मला दुसरंही काही दिसतं. संघटना म्हणाली, तू बायकांत खेळ. बाप म्हणाला, तू पुरुषांत खेळ. लास्लो पोल्गारने लग्नाआधीच ठरवलं होतं, की प्रतिभावंत जन्मत नाहीत, घडवले जातात, आणि आपण ते करून दाखवायचं. मुलींना शाळेत न घालता घरी शिकवलं, त्यासाठी सरकारशी भांडला. दोन्हीकडून ठरवणारे पुरुषच ना?

मामा : बापाने ठरवलं तर काय बिघडलं? नीलकंठरावांनी ठरवलं नसतं तर रोहिणी तेराव्या वर्षी हायकोर्टापर्यंत गेली असती?

मी : नसती. आणि ज्यांचा बाप संपादक नाही किंवा मानसशास्त्राचा अभ्यासक नाही, त्या मुलींचं काय, एवढंच मी विचारतेय. आपल्या मुलीचे वडील शेती करतात आणि भातलावणी झाली की हायवेच्या कडेला हॉटेलात काम करतात. ते हायकोर्टात जाणार आहेत का?

मामा : म्हणून तर आपण आहोत.

मी : आपण अर्ज भरायला आहोत. रात्री तिला घरी पोचवायला कोण आहे?

मामांना हा प्रश्न आवडला नाही, आणि त्यांनी तो तेव्हा बाजूला ठेवला. ते पुन्हा ज्युडिटकडे गेले. मी जाऊ दिलं, कारण ती गोष्ट ते छान सांगतात.

मामा : ज्युडिटने काय केलं ते नुसतं क्रमाने बघ. १९८८ साली थेस्सालोनिकीच्या ऑलिंपियाडमध्ये बारा वर्षांची पोर तेरा डावांत साडेबारा गुण करते. हंगेरीच्या बायकांना सोनं आणि सोव्हिएत बायका मागे. १९९० साली नोवी सादला पुन्हा सोनं. आणि मग बस्स. त्यानंतर ती महिलांच्या ऑलिंपियाडमध्ये खेळलीच नाही. महिलांच्या जगज्जेतेपदासाठी तर आयुष्यात एकदाही खेळली नाही. १९९१ च्या डिसेंबरात हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुरुषांसकट सगळ्यांची. आणि ग्रँडमास्टर झाली, पंधरा वर्षं चार महिन्यांची असताना. बॉबी फिशरचा विक्रम मोडला. १९९३ साली स्पास्कीला सामन्यात हरवलं, साडेपाच-साडेचार. २००२ साली मॉस्कोत रॅपिड डावात कास्पारोव्हला हरवलं. ज्या कास्पारोव्हने बायकांच्या बुद्धिबळाबद्दल वाटेल ते बोलून ठेवलं होतं त्याला! २००४ साली पहिलं मूल झालं. २००५ च्या जानेवारीत परत पटावर. आणि त्याच वर्षी जुलैत २७३५ गुण, आयुष्यातले सर्वांत जास्त. जगात आठवी. सान लुइसला जगज्जेतेपदाच्या आठ खेळाडूंत एकटी बाई.

मी : आणि तिथे शेवटची आली.

मामा : आली. आठातली आठवी. त्या आठांत बसणारी दुसरी बाई मला दाखव.

मी : नाही दाखवू शकत. तिच्याआधी नाही आणि तिच्यानंतर आजवर नाही. पण मामा, माझं म्हणणं तेच आहे. एक ज्युडिट झाली म्हणून सगळ्या मुलींना त्याच वाटेने पाठवायचं ठरवलं, तर जी ज्युडिट नाही तिचं काय होतं हे मी दर रविवारी बघते. लिनारेसची स्पर्धा आठवतेय तुम्हाला? १९९४. ज्युडिट सतरा वर्षांची. समोर कास्पारोव्ह. त्याने घोडा एका घरात ठेवला, हात सुटला, मग विचार बदलून दुसऱ्या घरात नेला. हात सुटला की खेळी पक्की, हा पहिला नियम. चित्रीकरणात हात सुटलेला दिसतो. ज्युडिटने त्या क्षणी पंचाला बोलावलं नाही. डाव हरली. जगातली सर्वांत बलवान मुलगी, आणि समोरच्याचा दबदबा एवढा की हात वर गेला नाही. मी पंच आहे मामा. खुल्या गटात बारा वर्षांची मुलगी एकटी बसलेली असते, समोर पंधरा वर्षांचा मुलगा, त्याच्यामागे त्याचे चार मित्र. तो मोहरं उचलतो, परत ठेवतो, दुसरं खेळतो. ती माझ्याकडे बघते आणि मान खाली घालते. तक्रार आल्याशिवाय प्रत्येक पटावर माझं लक्ष कसं असणार? आणि हरला तर त्याचे मित्रच म्हणतात, पोरीकडून हरलास? पुढच्या वेळी ती मुलगी येत नाही.

मामा : तिला हात वर करायला शिकव.

मी : शिकवते. मुलींच्या गटात ते आधी शिकता येतं.

मामा : आणि मुलं कधी शिकणार? खुल्या गटात मुलगीच दिसली नाही, तर पोरीकडून हरण्यात लाज नाही हे त्यांना कोण शिकवणार?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. २०२४ च्या जानेवारीत नागपूरच्या दिव्या देशमुखने वाइक आन झीच्या स्पर्धेनंतर उघडपणे लिहिलं होतं, की मुली खेळत असतात तेव्हा प्रेक्षक त्यांचे डाव सोडून कपडे, केस, बोलणं यांवरच बोलतात. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. हे तिने लिहिलं म्हणून लोकांच्या कानावर गेलं. तालुक्याच्या स्पर्धेतली बारा वर्षांची मुलगी असं काही लिहीत नाही, ती नुसती खेळणं सोडते. आठवी-नववीत मुली गळायला लागतात. दहावीच्या वर्षाचं कारण सांगितलं जातं, पण त्याच वर्षी मुलं एवढ्या प्रमाणात गळत नाहीत.

दिव्याचं नाव निघालं तेव्हा मला वाटलं होतं, की आता माझी बाजू भक्कम झाली. तिची गोष्ट वेगळ्या गटाच्या बाजूने जेवढी बोलते तेवढी दुसरी कुठलीच बोलत नाही.

मी : २०२५ चा जुलै. जॉर्जियात बातुमीला महिलांचा विश्वचषक. दिव्या एकोणीस वर्षांची. चीनची झू जिनर, मग हरिका, मग माजी जगज्जेती तान झोंगयी, आणि अंतिम सामन्यात कोनेरू हंपी. २८ तारखेला टायब्रेकमध्ये हंपीला हरवलं आणि विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टर किताब मिळाला. भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर, महिलांत फक्त चौथी. हंपी, हरिका, वैशाली आणि ही. ग्रँडमास्टर झालेली महाराष्ट्रातली पहिली बाई वेगळ्या गटातून आली, मामा.

मामा : तिच्याकडे ग्रँडमास्टर नॉर्म किती होते?

मी : एकही नव्हता.

मामा : म्हणजे बघ. इतरांना तीन नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत ठरावीक कामगिरी, लागतात, २५०० गुण लागतात. ज्युडिटला फिशरचा विक्रम मोडताना कोणी सवलत दिली नव्हती. हंपीने २००२ साली ज्युडिटचा विक्रम मोडला, तोही नॉर्म करून. सुसान नेहमीच्या वाटेने, नॉर्म आणि गुणांकन मिळवून, ग्रँडमास्टर झालेली जगातली पहिली बाई.

मी : नियमात आहे की विश्वचषक जिंकला तर किताब थेट मिळतो. झू जिनर आणि तान झोंगयीला हरवणं ही सवलत वाटते का तुम्हाला? आणि हे आधीचंही बघा. २०२४ च्या सप्टेंबरात ऑलिंपियाड कुठे होतं? बुडापेस्टला. ज्युडिटच्या गावात. भारताच्या महिला संघाने सोनं मिळवलं. दिव्या तिसऱ्या पटावर अकरा डावांत साडेनऊ गुण करून वैयक्तिक सोन्याचीही मानकरी. संघाचा कर्णधार कोण? आपल्या पुण्याचा अभिजित कुंटे. इथून तीस-पस्तीस किलोमीटरवर राहणारा माणूस. महिला संघ नसता, तर या पाच जणींना बुडापेस्ट दिसलं असतं का?

मामा : बुडापेस्ट झालं, बातुमी झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात समरकंदला ग्रँड स्विस होतं. महिलांचा विभाग वेगळा होता. दिव्या कुठल्या विभागात खेळली?

मी : खुल्या.

मामा : का? विश्वचषक जिंकलेली मुलगी. महिलांच्या विभागात पैसे मिळाले असते, नाव झालं असतं. ती खुल्यात का गेली?

मी : कारण तिथे तिच्याहून बलवान खेळाडू होते.

मामा : बस्स. मला एवढंच म्हणायचं होतं.

पण तेवढंच नव्हतं. समरकंदला जायचं की नाही आणि कुठल्या विभागात बसायचं हे दिव्याने ठरवलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, तिच्या मागे पंधरा वर्षांचा खेळ होता आणि आईवडील दोघंही डॉक्टर होते. आपल्या पडवीतल्या मुलीकडे काय आहे? हा प्रश्न मी मामांना विचारला, आणि मग ज्या गोष्टीवर आधी बोलायला हवं होतं त्यावर आम्ही आलो.

मी : हंगेरीने १९७८ साली ब्युनोस आयर्सला सोव्हिएत संघाला मागे टाकून ऑलिंपियाड जिंकलं. पोर्टिश, रिब्ली, साक्स. ही माणसं ज्युडिटच्या देशातली होती. पाच-सहा वर्षांच्या मुलीला ट्रामने क्लबात नेलं, की समोर मास्टर बसलेला. आता भारत घ्या. रोहिणी १९७६ साली पुरुषांत खेळली तेव्हा या देशात एकही ग्रँडमास्टर नव्हता. पहिला आनंद, १९८८ साली. महाराष्ट्राचा पहिला प्रवीण ठिपसे, १९९७ साली. म्हणजे रोहिणी खुल्या गटात बसली तरी तिच्यासमोर पोर्टिश नव्हता. तिचं धाडस ज्युडिटहून कमी होतं असं मला वाटत नाही. तिच्या समोर बसायला माणसं नव्हती.

मामा : हे मी असं कधी धरलं नव्हतं.

मी : खुला गट म्हणजे त्यात कोण बसलंय, एवढंच. बुडापेस्टचा खुला गट वेगळा आणि भोर तालुक्याचा वेगळा. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं, स्पर्धा भरवल्या, बाहेरचे खेळाडू गावात आणले. म्हणून सांगलीसारख्या गावातून खेळाडू निघाले. तिथल्या मुलीला बलवान माणूस चालत जाण्याच्या अंतरावर भेटत होता. आपल्या मुलीला कुठे भेटतो? पुण्याला. आणि पुण्याला जायचं म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा.

मामा : पहाटे पाचला उठायचं. गावातून मार्गासनीपर्यंत मिळेल त्या जीपने, तिथून वेल्हे-स्वारगेट एसटी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, ते एक बरं झालं. नऊला हजेरी. शेवटची फेरी संपून बक्षीस समारंभ होईतो संध्याकाळचे सात.

मी : पाहुण्यांची भाषणं धरून साडेसात. मग स्वारगेट. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, चेलाडी फाट्यावर उतरायचं. तिथून आत जायला त्या वेळी काय मिळतं?

मामा : काही नाही. मीच स्कूटरवर सोडीन.

मी : तुम्ही सत्तरीचे. राजगडाच्या पायथ्याचा रस्ता, रात्रीचे साडेनऊ, पाऊस. एकदा सोडाल, दोनदा सोडाल. तिचा भाऊ असता तर तो फाट्यावरून कोणाच्याही गाडीवर बसून गेला असता, आणि घरी कोणी विचारलंही नसतं. मुलगी कुठल्या गटात खेळली यापेक्षा शेवटची फेरी किती वाजता संपली यावर ती पुढच्या वर्षी खेळते की नाही हे ठरतं. आम्ही पंच लोक हे बघतो. आयोजक हे कधी विचारत नाहीत.

मामा : मोबाइलवर खेळते ती. रात्री आठनंतर तासभर, वडिलांच्या फोनवर. परवा कुठल्याशा देशातल्या एकाला हरवलं म्हणाली.

मी : ते चांगलंच आहे. तिथे तिला कोणी मुलगी म्हणून बघत नाही, आणि समोर बलवान खेळाडू हवा तेव्हा मिळतो. पण हात सुटला की खेळी पक्की, हे फोनवर शिकता येत नाही. समोर माणूस बसलेला लागतो.

यानंतर आमचा आवाज खाली आला. मामांनी मतं बदलली नाहीत. त्यांचं म्हणणं आहे की वेगळे किताब हळूहळू बंद व्हावेत. ज्युडिटही हेच म्हणत आली आहे. महिलांसाठीचे वेगळे किताब मुलींचं ध्येय लहान करतात असं तिला वाटतं. महिला ग्रँडमास्टर व्हायला २३०० गुण पुरतात आणि ग्रँडमास्टरला २५०० लागतात, हे दोनशे गुणांचं अंतर पाहिलं की तिच्या म्हणण्यात तथ्य दिसतं. माझं म्हणणं आहे की मुलींचा गट, मुलींची बक्षिसं आणि मुलींचा संघ आज काढून टाकले, तर ज्युडिट वाढणार नाहीत. जॉर्जियात १९६२ पासून नोना गाप्रिंदाश्विलीने महिलांचं जगज्जेतेपद सोळा वर्षं राखलं, आणि तो सगळा देशच मुलींच्या बुद्धिबळाचा झाला. नोना नंतर पुरुषांत खेळून ग्रँडमास्टर किताबापर्यंत गेली, १९७८ साली, जगातली पहिली बाई. तिने एका दाराने आत येऊन दुसऱ्या दाराने पुढे जायचं ठरवलं. दोन्ही दारं उघडी होती म्हणून ते जमलं.

आम्ही त्या अर्जाचं काय केलं? मी आयोजकांना फोन लावला आणि विचारलं, की खुल्या गटात सर्वांत जास्त गुण करणाऱ्या मुलीला बक्षीस ठेवलंय का. नव्हतं. ठेवता येईल का, असं विचारलं. ते म्हणाले, एक करंडक वाढवायला काही अडचण नाही, कोणी मागितला नव्हता म्हणून ठेवला नाही. आम्ही खुल्या गटासमोर खूण केली. वेळेत निघता यावं म्हणून पाचव्या फेरीनंतरच्या वेळा आधी कळवा, अशीही विनंती केली. ती त्यांनी अर्धीच मानली.

ज्यांच्या हातात शाळेच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत त्यांना माझं सांगणं आहे. मुलींचा गट ठेवा, पण तो खुल्या गटाच्या वेळेवर ठेवू नका. ज्या मुलीला दोन्हींत खेळायचं आहे तिला दोन्हींत खेळू द्या. एकच स्विस लीग भरवत असाल तर त्यात मुलींसाठी बक्षिसं ठेवा आणि ती अर्जावर छापा, म्हणजे पालकांना आधी कळेल. शेवटची फेरी पाचच्या आत संपवा, भाषणं कमी करा. आणि मुलीने हात वर केला तर पटाजवळ लगेच जा. कास्पारोव्हचा हात सुटला होता, हे ज्युडिटला दिसलं होतं.